भिंत म्हातारी झाली म्हणून पडत नाही

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



पावसाळा तोंडावर आला की गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. "जुन्या खोल्या गळतात, पाडून टाकू आणि स्लॅबच्या नव्या मागू." मग कोणीतरी म्हणतं, निर्लेखनाचा ठराव घ्या. निर्लेखन म्हणजे ती खोली वापरायला योग्य राहिली नाही असं ठरवून तिचं नाव दप्तरातून कमी करायचं आणि ती पाडायची. ठराव लिहिला जातो, आपल्या बाया सही करतात, चहा होतो आणि बैठक उठते. पुढे खोली पाडली जाते. नवी मंजूर होईपर्यंत पोरं कधी देवळात बसतात, कधी समाजमंदिरात, तर कधी एकाच खोलीत तीन वर्ग भरतात.

काही खोल्या खरंच पाडायला हव्यात, त्यात वाद नाही. पण कोणती पाडायची आणि कोणती जपायची, हे सही करण्याआधी आपल्याला कळलं पाहिजे. दवाखान्यात गेलं की डॉक्टर आधी वय विचारतात, पूर्वी काय आजार झाले ते विचारतात. इमारतीचंही तसंच आहे. ती कोणत्या काळात, कशाने आणि कोणी बांधली हे कळलं, की तिचं दुखणं कळतं. म्हणून आज आपण आपल्या शाळांच्या भिंतींचा इतिहास बघू या.

शाळेला स्वतःचं घर नव्हतं

आपल्याकडे शाळेला स्वतःची इमारत असणं ही फार जुनी गोष्ट नाही. पंतोजींच्या काळात शाळा भरायची ती देवळाच्या ओवरीत, चावडीत किंवा कोणाच्या तरी वाड्याच्या पडवीत. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, तीही भिडे यांच्या वाड्यात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या ज्या शाळेत दाखल झालं, ती शाळाही जुन्या राजवाड्यात भरत होती. तो दिवस आपण आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतो.

म्हणजे शिक्षण आलं ते आधीपासून उभ्या असलेल्या भिंतींच्या आसऱ्याने आलं. आणि त्या भिंतींचं पुढे काय झालं? भिडे वाड्याकडे वर्षानुवर्षं कोणी नीट पाहिलं नाही. मोडकळीला आलेला तो वाडा अखेर डिसेंबर 2023 मध्ये पाडण्यात आला. आता तिथे स्मारक उभारायचं ठरलं आहे. स्मारक होईल, चांगलंच होईल. पण जिथे आपल्या पणज्यांसाठी पहिल्यांदा पाटी ठेवली गेली, ती भिंत काही परत येणार नाही.

लोकल बोर्डाची शाळा

इंग्रजांच्या काळात 1855 च्या सुमारास मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं. पुढे जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली आणि गावात शाळेसाठी वेगळी इमारत दिसू लागली. म्हातारी माणसं अजूनही "लोकल बोर्डाची शाळा" म्हणतात, ती हीच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा हुकूम काढला. 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. या काळातल्या शाळा अशा घामाच्या आणि सोन्याच्या किमतीवर उभ्या राहिल्या आहेत.

या काळातली शाळा ओळखायची कशी? उंच दगडी जोतं. हात-दीड हात जाडीच्या भिंती. समोर लांब पडवी. वर सागवानी कैच्या, त्यावर वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर मंगलोरी कौलं. ही कौलं मंगळूरला बासेल मिशनने 1865 साली कारखाना काढला तिथून पसरली. त्याआधी गावचा कुंभार नळीची कौलं भाजून द्यायचा. एखादं जुनं कौल उलटं करून बघा, बऱ्याचदा कारखान्याचा शिक्का सापडतो.

भिंतीत दगडांना धरून ठेवायचा तो चुना. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, मग वाळू घालून बैलाच्या घाणीत दळायची. दगडी चाक गोल फिरायचं आणि चुना लोण्यासारखा मऊ व्हायचा. कुठे त्यात गूळ घालत, कुठे बेलफळाचा गर, कुठे हिरड्याचं पाणी. गवंडी बहुतेक पुरुष असायचा, पण पाणी वाहणं, चुना चाळणं, घमेली पोचवणं हे काम बायांचं. कोनशिलेवर त्यांचं नाव नाही, तरी भिंतीत त्यांचे हात आहेत.

चुन्याचा एक गुण नीट लक्षात ठेवा. चुन्याची भिंत श्वास घेते. पावसाळ्यात ती थोडी ओल पिते आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. भेग पडली तरी बारीक भेग चुना हळूहळू स्वतःच भरून काढतो. म्हणून या भिंती शंभर वर्षं उभ्या राहू शकल्या.

पण फक्त चुन्यामुळे नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी शाकारणी व्हायची. कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावायची. वाळवी लागलेली रीप काढायची, पन्हळ साफ करायची. दिवाळीआधी चुन्याची सफेदी व्हायची. आपण घरात चूल पोतेरून घेतो, अंगण सारवतो, त्याचा कंटाळा आला तरी सोडत नाही. तसंच हे होतं. इमारत टिकली ती या वर्षाच्या वर्षाला होणाऱ्या लहान कामांवर.

स्लॅब आला

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावच्या शाळा त्यांच्याकडे आल्या. शाळांची संख्या वाढली, मुली वर्गात आल्या, हे मोठं काम झालं. पण माझ्या मते एक गोष्ट निसटली. दुरुस्तीचा विषय जिल्ह्याच्या फायलीत गेला. एक कौल फुटलं तर आधी कोणीतरी शिडी लावायचं. आता अर्ज लिहायचा आणि मंजुरीची वाट बघायची. मंजुरी येईपर्यंत एका कौलाची गळती वाशापर्यंत पोचायची आणि वासा कुजला की भिंतीचं डोकं भिजायचं.

पुढे 1986 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि 1987 पासून खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यातली एक बाई असावी, असा तिचा आग्रह. नंतर सर्व शिक्षा अभियान आलं. या काळातल्या बहुतेक खोल्या सिमेंटच्या आणि स्लॅबच्या.

स्लॅब म्हणजे कायमचं काम, असं आपल्याला वाटतं. ते खरं नाही. स्लॅबच्या पोटात लोखंडी गज असतात. काम करताना सिमेंटवर पुरेसे दिवस पाणी मारलं नाही, गजाच्या खाली सिमेंटचा थर पातळ राहिला किंवा वर पाणी साचत राहिलं, तर ओल गजापर्यंत जाते. गज गंजतो. गंजलेला गज फुगतो आणि खालचं सिमेंट ढकलून देतो. मग छताचे पोपडे निघतात आणि तांबडे गज दिसायला लागतात. म्हणून पंचवीस-तीस वर्षांची स्लॅबची खोली शंभर वर्षांच्या कौलारू खोलीपेक्षा जास्त धोक्याची असू शकते. वय बघून निकाल लावू नका, असं मी म्हणते ते यासाठी.

किल्लारीने काय शिकवलं

आता इतिहासातली सर्वांत कडू आठवण. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. शाळाही पडल्या, पण वेळ पहाटेची होती म्हणून वर्ग रिकामे होते.

एवढी माणसं का गेली? तिथली घरं दगडाची होती, पण चुन्यातली नव्हती, मातीतली होती. जाड भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक असे दगडांचे दोन पदर, मध्ये भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड फारसा कुठे नव्हता. वर माळवद, म्हणजे लाकडावर घातलेलं जाड मातीचं छत. गळू लागलं की आणखी माती टाकायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. धरणी हलली तशी भिंतीचे दोन पदर सुटले आणि मणामणाची माती झोपलेल्या माणसांवर आली.

लोक म्हणाले, दगडाने मारलं. अभ्यासकांनी पाहिलं तेव्हा दिसलं, की दोष दगडाचा नव्हता. बांधणीत जोड नव्हता आणि डोक्यावर भार जास्त होता. यावर उपाय होता, आणि जुनं घर न पाडता करता येण्यासारखा होता. छतावरची जास्तीची माती उतरवायची. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यात लोखंडी सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन पदर एकत्र बांधले जातात. दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या घराभोवती तारेची जाळी आणि सिमेंटचा पट्टा फिरवायचा. आपण डोकं दुखलं की फडकं घट्ट बांधतो ना, तसा. लाकडी खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरपा आधार द्यायचा.

बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. पण त्याहून किती तरी जास्त, बाराशेहून अधिक गावांत घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. आणि इथे बाया पुढे आल्या. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारला सांगितलं, की हे काम गावातल्या महिला मंडळांना घेऊन करा. गावागावांत बायांना संवाद सहायक नेमलं गेलं. ज्या बाया कधी ग्रामसभेत बोलल्या नव्हत्या, त्या भिंतीत आरपार दगड का हवा हे शेजारणीला समजावू लागल्या. अभियंत्याला विचारू लागल्या, गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवू लागल्या. पुढे 2001 साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा यातल्या काही जणी तिथल्या बायांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला गेल्या.

सगळं गोड झालं असं नाही. पुष्कळ कुटुंबांनी मिळालेल्या पैशांत जुनं घर मजबूत केलंच नाही, शेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधली. दगडावरचा विश्वास उडाला होता. ज्याच्या घरातलं माणूस त्या दगडाखाली गेलं, त्याला दोष कसा देणार? पण त्यामुळे जुन्या भिंती तशाच राहिल्या, कमजोरच. भीती वाटते म्हणून पाठ फिरवली की धोका जात नाही, तो तिथेच उभा असतो.

लेकरांचा जीव आणि आपली सही

आता कोणी म्हणेल, भूकंप काय रोज होतो? नाही होत. पण पाऊस दरवर्षी येतो. ऑगस्ट 2017 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडी गावात पावसात शाळेची जुनी इमारत कोसळून 3 लेकरं गेली. जुलै 2025 मध्ये राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावी शाळेचं छत पडून 7 मुलं गेली. 2004 साली तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत गवताच्या छपराला आग लागली आणि 94 मुलं गेली. त्या आगीनंतरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सांगितलं, की सुरक्षित शाळा हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे.

म्हणून इमारत जपायची म्हणजे धोक्याच्या खोलीत पोरं बसवायची नाहीत. शंका आली की पहिल्यांदा खोली रिकामी करायची, मग पुढचा विचार.

त्याच वर्षी शिक्षण हक्क कायदा झाला, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया असतात. शाळा विकास आराखडा ही समितीच तयार करते. म्हणजे लोकल बोर्डाच्या काळात जिचं नाव कोनशिलेवर नव्हतं, तिची आज ठरावावर सही लागते. ती सही विचारून करा.

काय विचारायचं? पहिलं, इमारत कधीची आहे आणि भिंत कशात बांधली आहे: माती, चुना की सिमेंट? दुसरं, अभियंत्याने प्रत्यक्ष येऊन बांधकामाची तपासणी केली का, आणि त्याचा लेखी अहवाल आहे का? तिसरं, त्या अहवालात "दुरुस्ती होऊ शकत नाही" असं लिहिलंय, की "दुरुस्ती हवी" असं? या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. चौथं, पाडायचीच असेल तर सागवान, कौलं, घडीव दगड यांची नोंद आणि लिलाव कसा होणार? तो माल गावाचा आहे. पाचवं, नवी होईपर्यंत मुलं बसणार कुठे?

अभियंता येईपर्यंत आपणही डोळे उघडे ठेवू शकतो. भिंतीला पोट सुटलंय का? भेग वाढते आहे का? भेगेच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, महिन्याने पुन्हा बघा. आढं मध्येच वाकलंय का? छताचे पोपडे पडतात का, गज दिसतात का? भिंतीत पिंपळाचं रोप आलंय का? जोत्याला लागून पाणी साचतं का? यातलं काही दिसलं तर तोंडी सांगू नका, समितीच्या वहीत लिहा. लिहिलेलं पुसता येत नाही. आणि छपरावर मात्र आपण चढायचं नाही, ते काम जाणत्या माणसाचं.

दुरुस्ती करताना

आमच्या भागातल्या एका शाळेचं उदाहरण सांगते, गावाचं नाव नको. चुन्यात बांधलेली दोन खोल्यांची कौलारू शाळा. खालून ओल चढत होती म्हणून ठेकेदाराने भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, वर तैलरंग दिला. दोन पावसाळे झाले आणि भिंतीला लोणा लागला, गिलाव्याचे फुगे आले, पापुद्रे गळायला लागले. झालं काय, तर सिमेंटने भिंतीचं नाक-तोंड बांधलं. ओल आत कोंडली आणि वर वर चढत गेली. खरं दुखणं वेगळंच होतं. दर वर्षी मुरूम टाकून टाकून अंगण जोत्याच्या बरोबरीला आलं होतं आणि वळचणीचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी मुरत होतं. गटाच्या बायांनी ग्रामपंचायतीमागे लागून कडेची माती खणून काढली, चर काढून पाणी बाहेर वळवलं. नंतर सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला. खोली आजही वापरात आहे.

यातून नियम असा निघतो: चुन्याच्या भिंतीला चुना, मातीच्या भिंतीला माती-चुना, सिमेंटच्या कामाला सिमेंट. जुन्या साडीला नव्या जाड कापडाचं ठिगळ लावलं तर ठिगळ राहतं आणि साडी फाटते, हे कोणाला सांगायला हवं का?

कौलं काढून पत्रे टाकायची घाईही करू नका. उन्हाळ्यात पत्र्याखाली मुलं भाजून निघतात. कौलाखाली हवा खेळती राहते. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते फोडू किंवा कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

जपण्यात पैशांची बचत आहेच, पण त्यापलीकडेही आहे. सिमेंट करायला भट्टी 1450 अंशांपर्यंत तापवावी लागते, चुना 900 अंशांच्या आसपास भाजतो. जितकं जास्त सिमेंट आणि लोखंड, तितका जास्त कोळसा, तितका जास्त धूर. उभी भिंत पाडून तिचा राडारोडा ओढ्यात टाकायचा आणि पुन्हा नवी भिंत उभारायची, हे आपल्या पोरांच्या वाट्याची माती, पाणी आणि लाकूड दोनदा खर्च करणं आहे. सागाचं तसं जून लाकूड आज विकत घ्यायचं म्हटलं तर परवडणार आहे का?

मैत्रिणींनो, भिंत म्हातारी झाली म्हणून पडत नाही. पाणी आत शिरतं, कोणी बघत नाही, मग ती पडते. बघणं हे काम आपण घरात जन्मभर करत आलो आहोत: कणगीला कीड लागली का, छपरातून थेंब पडतो का, चुलीची भिंत तडकली का. तीच नजर महिन्यातून एकदा शाळेकडे वळवायची आहे. पुढच्या मासिक बैठकीत गटाच्या वहीत बचतीच्या हिशेबाखाली दोन ओळी घाला: शाळेला कोण जाऊन आलं, आणि काय दिसलं. पावसाळ्याआधीची भेट चुकवू नका.